खड्डा उदासीन झाल्याबाबत

नंदकिशोर पिंपळखुटे यांचा अहवाल आजवर कुठल्याही कचेरीतून परत आला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, पण समोरचा माणूस दहा मिनिटं बसला की त्याला ती कळलेली असायची. आजोबा यवतमाळच्या कलेक्टर कचेरीत शिरस्तेदार, वडील त्याच कचेरीत हेडक्लार्क. घराण्यात ना शेती ना दुकान. होतं ते टिपण लिहायचं वळण. नंदकिशोररावांनी त्याला एम.एस्सी.ची जोड दिली आणि घराच्या पुढच्या खोलीवर ‘पर्यावरण सल्लागार’ अशी पाटी लावली. रसायनशास्त्र त्यांना येत होतं, यात शंका नाही. फक्त ते त्यांच्या डोक्यात फायलीच्या वाटेनं शिरलं होतं आणि तिथंच बसलं होतं.

आर्णी आणि दारव्ह्याच्या मधे, माळावरच्या एका तांड्याला लागून, एका कंपनीने जमिनीत भोक पाडलं होतं. खाली वायू आहे का ते बघायला. साडेतीन महिने ते यंत्र रात्रंदिवस घरघरत होतं. वायू काही निघाला नाही, निघाला तो चिखल. असं भोक पाडताना पाइपातून चिखल खाली सोडावा लागतो; तो दगडाचा भुगा वर घेऊन येतो. चिखलाला वजन यावं म्हणून त्यात एक जड भुकटी घालतात. त्या भुकटीत शिसं असतं, खालच्या खडकातलं आणखी काय काय असतं, आणि हे सगळं मिळून शेवटी एका खड्ड्यात साठवतात. तीस मीटर लांब, बारा मीटर रुंद खड्डा. खाली प्लास्टिक अंथरलेलं. ते प्लास्टिक रानडुकरांनी पहिल्याच महिन्यात जागोजागी फाडलं होतं, पण रानडुकरांची नोंद करायला तक्त्यात रकाना नव्हता.

कंपनी यंत्र उचलून निघून गेली. जाता जाता जागा स्वच्छ असल्याचा दाखला हवा होता, म्हणून नंदकिशोरराव आले. खड्ड्यापासून दोनशे पावलं उतारावर तांड्याची विहीर होती. तांड्याचे नायक रामलाल राठोड यांनी पहिल्याच भेटीत ती दाखवली.

“तांड्यात विहिरी तीन आहेत साहेब,” रामलाल म्हणाले. “दोघींचं पाणी खारं. त्यानं लेकरायचे दात पिवळे होतात. प्यायची हे एकच. हे गेली तं आमचं काही खरं नाही.”

“चिंता करू नका,” नंदकिशोरराव म्हणाले आणि वहीत लिहिलं, ‘परिसरात एक विहीर’.

तपासणीत बारा बाबी होत्या. शिसं, क्रोमियम, कॅडमियम, तेल, क्षार, सगळं मर्यादेत. खड्ड्याच्या वरच्या पाण्यात शिसं जवळजवळ नव्हतंच. अकरा बाबींपुढे हिरवा शिक्का बसला. बाराव्या बाबीपाशी मात्र गाडी अडली. आम्लता मोजायचा जो आकडा असतो, पी.एच., तो साडेपाच ते नऊच्या आत हवा. खड्ड्यात तो निघाला दहा पूर्णांक दोन. म्हणजे पाणी आंबट नव्हतं, उलट चुन्याच्या निवळीसारखं झालं होतं. काठावर पाहिलं तर खरंच पांढरे डाग पसरलेले.

“हा चुना कोणी टाकला?” नंदकिशोररावांनी विचारलं.

“आमीच टाकला सर,” एक मुलगी पुढे होऊन म्हणाली. ही रामलाल नायकांची रंजिता. यवतमाळला बी.एस्सी. करून आता तिथल्याच एका खाजगी लॅबमध्ये ट्रेनी होती, रविवारी घरी यायची. “चिखल आधीच साडेनऊवर होता. दिवाळीले भिंती पोतून चुना उरलता, तो याडीनं अन् बाकीच्या बायांनी टोपल्या टोपल्या नेऊन टाकला.”

याडी म्हणजे तिची आई, जमनी. ती मागेच उभी होती. कापूस वेचून आलेली, कमरेची ओटी अजून सोडली नव्हती.

“कशासाठी?”

“त्यायनं मच्छरासाठी टाकला. मी शिश्यासाठी टाकाले लावला. चुन्यात शिसं बसून रायते सर. हलत नाही. खाली झिरपत नाही.”

नंदकिशोररावांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या अनुभवाने ते एवढं शिकले होते, की बरोबर बोलणाऱ्या माणसापेक्षा मर्यादेत बसणारा आकडा केव्हाही बरा. “बी.एस्सी.ला मर्यादा शिकवत नाहीत,” ते मायेनं म्हणाले, आणि रात्री अहवालात त्यांनी लिहिलं: ‘स्थानिक रहिवाशांनी अज्ञानापोटी खड्ड्यात चुना टाकल्याने पी.एच. मर्यादेबाहेर गेल्याचे दिसून येते.’

मात्र माणूस नियमाचा पक्का. खड्डा नापास आहे, तोवर खबरदारी घ्यायलाच हवी. त्यांनी शिफारस केली की खड्डा मर्यादेत येईपर्यंत कंपनीने तांड्याला रोज पिण्याच्या पाण्याचा टँकर द्यावा. दुसऱ्या आठवड्यापासून टँकर सुरू झाला. तांड्यातल्या बायांनी नंदकिशोररावांना मनापासून दुवा दिली. विहिरीचं पाणी त्या वेळी अगदी चांगलं होतं, ते बायका धुण्याला वापरू लागल्या. शिसं खड्ड्याच्या तळाशी चुन्याखाली गपगार पडलेलं होतं आणि तांडा टँकरचं पाणी पीत होता. सरकारी शहाणपणाला एवढं निर्दोष रूप क्वचित येतं, पण त्याचं कौतुक करायला तिथं कुणी नव्हतं.

आता प्रश्न उरला बाराव्या बाबीचा. दहा पूर्णांक दोनचे नऊच्या आत आणायचे तर उपाय सरळ होता. आकडा वर गेलाय ना? मग आम्ल टाका, खाली येईल. नंदकिशोररावांनी ‘खड्डा उदासीन करण्याबाबत’ असा प्रस्ताव लिहिला. उदासीन म्हणजे ना आंबट ना तुरट, बरोबर मधला सात. कंपनीने तो तीन दिवसांत मंजूर केला, आणि डिसेंबरच्या मध्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक टँकर आर्णीवरून निघाला.

तांड्याचा रस्ता एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंना तूर, फुलावर आलेली. नेमका त्याच वेळी पिण्याच्या पाण्याचा टँकर तांड्यावरून परत उतरत होता. दोन्ही टँकर तोंडाला तोंड लावून उभे राहिले. मागच्या गाडीतून नंदकिशोरराव उतरले, परिस्थिती पाहिली, आणि पाण्याच्या टँकरला मागे घ्यायला सांगितलं. पाण्याचा ड्रायव्हर अर्धा किलोमीटर उलटा गेला. ॲसिड पुढे गेलं.

खड्ड्यात नळी सोडली तसा चिखल फसफसला. पिवळा फेस उठून काठापर्यंत आला, वास असा की शेळ्या खोकायला लागल्या. नंदकिशोररावांनी तोंडावर रुमाल बांधला आणि हातातलं यंत्र पाण्यात बुडवलं. आठ. साडेसहा. पाच. दुपारी तीनला आकडा तीन पूर्णांक चारवर गेला. जरा जास्तच झालं होतं, पण ते घाबरले नाहीत. चिखलातला उरलासुरला चुना हळूहळू आम्ल खाईल आणि आकडा आपोआप वर येईल, हा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा नव्हता, हेच तर दुखणं.

रविवार असल्यामुळे रंजिता तिथंच होती. “सर, तीनवर शिसं सुटते,” ती म्हणाली. “पाण्यात विरघळून जाते.”

“आपल्याला तीनवर कुठे थांबायचंय? आपल्याला सातवर थांबायचंय.”

“पण सात होईपर्यंत पाणी थांबन का सर? खालचं प्लास्टिक फाटेल आहे.”

“हे बघ,” नंदकिशोरराव म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज खराच समजावणीचा होता, “अहवालात अंतिम आकडा जातो.”

जमनीला दोघांचं बोलणं सगळं कळलं असं नाही, पण फेस बघून ती पदर नाकाला लावून म्हणाली, “साहेब, बिनाकल्हईच्या पितळी गंजात ताक ठेवलं तं ते कळकते. मंग ते ताक कुत्र्याले बी देत नाही कोणी. तुमी तं पुरा खड्डाच आंबट करून राह्यले.”

नंदकिशोररावांना ही उपमा फार आवडली. इतकी, की संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी ती जेवताना बायकोला सांगितली.

सुचित्राबाई कढी वाढत होत्या. त्या तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि नवऱ्याच्या अहवालांविषयी त्यांना फारशी उत्सुकता नसे. पण डाव त्यांच्या हातात थांबला.

“बरोबरच आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “आंबट घातलं की पितळ सुटतं. आपल्या आईंनी एकदा चिंचेचं सार कल्हई गेलेल्या पातेल्यात केलं होतं, सगळे आजारी पडलो होतो. आठवत नाही?”

“अगं, हे रसायनशास्त्र आहे.”

“मग ते काय होतं?”

“हे बघ, आकडा तीन असताना थोडंफार सुटत असेल. पण आठवडाभरात तो सातवर येणार. सात म्हणजे शुद्ध पाण्याचा आकडा.”

“म्हणजे ताक कळकल्यावर त्यात साखर घालून गोड करायचं आणि प्यायचं.”

“तुला कळायचं नाही ते.”

“नसेल कळत,” सुचित्राबाई म्हणाल्या. “मी काही सल्लागार नाही.” आणि उरलेली कढी त्यांनी स्टीलच्या डब्यात काढून ठेवली.

सहाव्या दिवशी यंत्रावर आकडा आला सात पूर्णांक एक. नंदकिशोररावांनी यंत्राचा फोटो काढला, मागे खड्डा आणि त्याच्या मागे माळ असा. फोटो चांगला आला. तो त्यांनी मोबाईलच्या स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, ‘निसर्गाशी मैत्री’. दिवसभरात एकशे चार लोकांनी तो पाहिला. बारावी बाब हिरवी झाली, अहवाल गेला, दाखला मिळाला, आणि त्याच अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदातल्या एका ओळीने पाण्याचा टँकर बंद झाला: ‘खड्डा उदासीन झाल्याने खबरदारीच्या उपायांची आवश्यकता उरलेली नाही.’

सातवर आल्यावर खड्ड्यातलं पाणी पुन्हा तपासलं, तर त्यात शिसं फारसं नव्हतंच. कसं असेल? ते सहा दिवसांपूर्वीच निघून गेलं होतं. उताराने, मुरुमातून, फाटक्या प्लास्टिकच्या खालून, कुणाला न विचारता.

जानेवारीत एकवीस दिवस तांड्याने आपल्या विहिरीचं पाणी प्यायलं. आधीसारखंच लागलं ते. शिशाला चव नसते. बाविसाव्या दिवशी रंजिताने लॅबमधून आणलेल्या, आत आधीच थेंबभर ॲसिड घातलेल्या बाटलीत पाणी भरून नेलं. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून राहू नयेत, पाण्यातच सुटून मोजता यावेत, म्हणून असं घालतात. जगात आम्लाचा असाही एक उपयोग आहे, धातू पकडायचा. लॅबच्या प्रमुख अनघा मॅडम यांनी ते पाणी स्वतः यंत्राला लावलं. मर्यादेच्या सातपट शिसं. त्यांनी दुसऱ्यांदा लावलं. सातपटच.

रंजिता तो कागद घेऊन आर्णीच्या तहसील कचेरीत गेली. तिथल्या बाबूंनी कागद वाचला, मान हलवली आणि परत दिला. नमुना अधिकृत व्यक्तीने घेतलेला नाही, सबब ग्राह्य नाही. उलट अधिकृत सल्लागारांचा अहवाल कचेरीत आहे आणि त्यात परिसर सुरक्षित म्हटलंय. अनधिकृत नमुन्याचं ते वाक्य फार नेटकं होतं, कारण दहा वर्षांपूर्वी त्या कचेरीसाठी अशा उत्तराचा मसुदा नंदकिशोररावांनीच तयार करून दिला होता.

अनघा मॅडमनी मग सरळ नंदकिशोररावांना फोन केला. ते त्यांच्या लॅबचे जुने ग्राहक.

“सर, शिसं शून्य पूर्णांक शून्य सात आहे.”

“कुठल्या विहिरीचं?”

“तुम्हाला माहीत आहे, सर.”

त्या रात्री ते कागदपेन घेऊन बसले. टँकर परत सुरू व्हायला एकच पत्र पुरे होतं: ‘माझ्या अहवालातील निष्कर्ष मागे घेत आहे.’ आठ शब्दसुद्धा नाहीत. त्यांनी ते मनात तीनदा लिहिलं. पण मागे घेतलेला अहवाल म्हणजे परत आलेला अहवाल, आणि पिंपळखुट्यांच्या घरात तीन पिढ्यांत असा कागद जन्माला आला नव्हता. त्यांना विहिरीची काळजी वाटत नव्हती असं म्हणणं अन्यायाचं होईल. वाटत होती, चांगलीच वाटत होती. फक्त ती काळजी कागदावर न येता तोंडी निभावली तर बरं, असं त्यांना वाटत होतं. गुरुवारी सकाळी ते स्वतः गाडी चालवत तांड्याकडे निघाले.

रामलाल नायकांच्या अंगणात बाज टाकली होती. गाडी खाली खड्ड्यापाशी दिसली तशी माणसं जमली. रामलाल, दोन म्हातारे पंच, खेमसिंग आणि हिरासिंग, आणि ओट्यावर पाच-सहा बाया. रंजिता त्या दिवशी सुट्टी टाकून आली होती, मांडीवर एक वही घेऊन बसली होती.

नंदकिशोररावांनी घसा साफ केला. “मी आलो ते एवढंच सांगायला, की काही दिवस हे पाणी पिण्यासाठी वापरू नका. धुण्याभांड्याला चालेल. असं आपलं मी तोंडी सांगतो.”

“तोंडी कायले?” रामलाल म्हणाले. “लिहून द्या ना साहेब. आर्णीवाले म्हणतात, कागद आणा.”

“लिहायला आधार लागतो, नायक.”

“अनघा म्याडमचा कागद हाय.”

“तो नमुना अधिकृत नाही.”

“मंग तुमचा कागद काय म्हणते?”

“सात पूर्णांक एक.”

“म्हंजे प्याचं?”

नंदकिशोररावांनी रुमालाने कपाळ पुसलं. जानेवारीची सकाळ होती, घाम यायचं काही कारण नव्हतं. “कागदाप्रमाणे हो,” ते म्हणाले. “पण तुम्ही पिऊ नका.”

एवढ्यात जमनी आतून आली. हातात थाळी, थाळीत स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला. तांड्यावर आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय बोलणं पुढे जात नाही, आणि ते मागायचीही पद्धत नाही. तिने थाळी बाजेवर त्यांच्यासमोर ठेवली.

“घ्या साहेब. सकाळीच काढलं. त्याच विहिरीचं हाय.”

“नको, मी आत्ताच पिऊन निघालो.”

“यवतमाळहून इथवर? घ्या थोडंसं.”

“मला थंड चालत नाही. घसा बसतो.”

“थंडं नाही. थंडीत विहिरीचं पाणी कोमट रायते.”

“आज गुरुवार आहे,” नंदकिशोरराव म्हणाले. “उपास असतो माझा.”

“पाण्याचा बी?” जमनीने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं, शहरातले लोक काय काय पाळतात.

एका पेल्याने माणसाला काहीही होत नाही, हे नंदकिशोररावांना पक्कं ठाऊक होतं. सातपट शिसं ही रोज, वर्षानुवर्षं प्यायची गोष्ट आहे. एक पेला गिळून टाकला असता तर हे सगळं तिथंच मिटलं असतं, आणि त्यांचा अहवालही उभा राहिला असता. त्यांनी हात पुढे केलासुद्धा. तो पेल्याजवळ जाऊन थांबला. इतक्या वर्षांच्या रसायनशास्त्राने एवढं एकच काम प्रामाणिकपणे केलं, की तो हात पुढे जाऊ दिला नाही.

“माही सून पोटाशी हाय,” जमनी थाळीकडे बघत म्हणाली. “सातवा चालू हाय. तिनं एकवीस दिवस हेच पेलं. तुमच्या कागदावर भरोसा ठेवून पेलं.”

नंदकिशोररावांना लाज वाटली. स्वच्छ, कुठल्याही मर्यादेत न बसणारी लाज. पण लाज वाटलेला माणूस काय करतो हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते रुमालाची घडी घालत राहिले.

रंजिताचं पेन मघापासून चालत होतं. मग तिने वही उचलली आणि शाळेत धडा वाचावा तसं, सावकाश वाचलं:

“पंचनामा. आम्ही खालील पंच आज रोजी तांड्यावर, नायक रामलाल राठोड यांच्या घरासमोर हजर असता, पर्यावरण सल्लागार श्री. नंदकिशोर पिंपळखुटे हे स्वतःहून आले. त्यांच्यासमोर तांड्याच्या पिण्याच्या विहिरीचे एक पेला पाणी ठेवण्यात आले. त्यांनी प्रथम तहान नसल्याचे, नंतर थंड चालत नसल्याचे व त्यानंतर उपवास असल्याचे सांगून सदर पाणी पिण्यास नकार दिला. त्यापूर्वी सदर पाणी तांड्याने पिऊ नये असे त्यांनी पंचांसमोर सांगितले. करिता हा पंचनामा.”

भाषा त्यांचीच होती. गेल्या दोन महिन्यांत तिने त्यांचे अहवाल वाचून उचललेली असणार. नंदकिशोररावांनी नकळत मान डोलावली, आणि मग जे त्यांच्या तोंडून गेलं ते आयुष्यभराच्या सवयीने गेलं.

“वेळ नाही टाकली,” ते म्हणाले. “पंचनाम्यात वेळ लागते. नाहीतर कचेरीत उडवून लावतात.”

“किती वाजले सर?”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “अकरा वीस.”

रंजिताने वेळ लिहिली. खेमसिंगने सही केली, हिरासिंगने अंगठा दिला. मग वही नंदकिशोररावांसमोर आली.

“नाही केली तरी चालते सर,” ती म्हणाली. “मंग ‘सही करण्यास नकार दिला’ असं लिहायचं असते ना?”

तसंच लिहायचं असतं, आणि कचेरीत त्याचा अर्थ काय लावतात हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचला. दिनांक, स्थळ, वेळ, पंच. एकही चूक नव्हती. हा कागद आर्णीहून परत येणार नाही, पुढल्या आठवड्यात टँकर सुरू होणार, आणि ज्या अहवालाच्या विरोधात हा जातोय तो अहवाल त्यांचाच होता. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पूर्ण नाव, पदवीसकट, सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

बाया उठल्या. काम पडलं होतं, कापसाची वेचणी अर्धी राहिली होती. जमनीने थाळीतला पेला उचलला, मोरीकडे दोन पावलं गेली आणि थांबली.

“साहेब,” ती म्हणाली, “हे आता कुठी टाकू?”

नंदकिशोररावांनी वर पाहिलं.

“अंगणात टाकलं तं कोंबड्या पितात. इकडं वाफ्यात हिरवा सांभार लावला हाय, तो आमी भाजीत टाकून खातो. मोरीचं पाणी नाल्यात जाते, अन् नाला विहिरीले लागून हाय. तुमच्या कायद्यात असन ना लिहिलेलं, असं पाणी कुठी टाकाचं ते.”

कायद्यात लिहिलेलं होतं. कलम होतं, पोटकलम होतं, घातक टाकाऊ पदार्थांची अधिकृत जागा होती, नागपूरकडे, दीडशे किलोमीटरवर. तिथं न्यायला सीलबंद पिंप लागतं आणि चार प्रतींतला अर्ज. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

जमनी पेला धरून उभी होती. तिला उत्तर हवं होतं, टोमणा मारायचा नव्हता. हे नंदकिशोररावांना दिसत होतं आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. शेवटी ते बाजेवरून उठले, तिच्यापाशी गेले आणि दोन्ही हात पुढे केले.

“माझ्याकडे द्या,” ते म्हणाले.

गाडी खाली, खड्ड्याच्या काठाला उभी होती. तांड्याचा रस्ता तिथंच संपत होता. नंदकिशोरराव पेला घेऊन उतरणीला लागले. वाटेत शेळ्या होत्या, विहिरीवरून येणाऱ्या दोन पोरी होत्या, त्या बाजूला होऊन बघत राहिल्या. पेला काठोकाठ भरलेला होता, म्हणून ते फार हळू चालत होते.